उभ्या पाण्याची जागा

बोरीवली,
२३ जून २०२४

आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या रुसलेल्या कानांनाही.

हे पत्र चंपामावशींच्या मासळीच्या पाटीतून येणार, त्यामुळे त्याला मांदेलीचा वास लागला तर माझ्यावर चिडू नकोस. आज बाजारात त्या म्हणाल्या, "आत्याला एक मोबाइल घेऊन दे गो, माझी पाटी काय पोस्टाची पेटी हाय?" आणि गिऱ्हाईक उभं असताना आधी पत्र मागून घेतलं. तू त्यांच्या पडवीतल्या खोलीत राहतेस याचा आईला अजून राग आहे. मला नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि पडद्यावर वाचलं की तुझं डोकं दुखतं, हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे. पत्रात मला खोडता येतं.

आता मुद्द्याचं. मरोळच्या आमच्या कंपनीकडे एक काम आलं आहे आणि ते तुझ्या वेळोशीचं आहे. मच्छीमार गावांसाठीच्या सरकारी योजनेतून वेळोशीला जेट्टी आणि लाटा अडवणारा बंधारा मिळायची शक्यता आहे. आराखडा समुद्राचे इंजिनिअर करतात. गावाचं म्हणणं गोळा करून अहवालात लिहायचं काम आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. देवव्रत सरांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमची आत्या तिथेच राहते ना? मग झालं." काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

जनसुनावणी कधी घ्यायची यावर चर्चा चालली होती. मी सुचवलं की पावसाळी बंदीत घ्यावी. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, पुरुष घरी असतात, कोणी सुटणार नाही. सरांना पटलं. १४ जुलै, रविवार ठरला आहे. ऑफिसात माझी सूचना पहिल्यांदाच कोणी मान्य केली आणि तेव्हापासून मी तीच पुन्हा पुन्हा तपासते आहे. मी काही विसरले आहे का? लोक विरोध करतील का? काय नेसून येऊ?

रेवती


वेळोशी,
२७ जून २०२४

चि. रेवती,

आशीर्वाद तुझ्या नावावर कायमचे जमा आहेत, दर पत्रात वेगळे मागू नकोस.

सुती ड्रेस घाल आणि प्लास्टिकच्या चपला. इथल्या गाळात चामड्याची चप्पल एकदा गेली की गेली.

विरोध कोण करणार? तू कधी ओहोटीच्या वेळी इथे आली नाहीस. होडी लांब उभी राहते आणि बायका कमरेएवढ्या गाळातून डोक्यावर पाट्या घेऊन येतात. मागच्या थंडीत रुक्मिणी तशीच पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन दारात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालते. गर्भार बायकाही त्याच गाळातून होडीत चढतात, कारण खाडीपलीकडच्या दवाखान्याला जायला दुसरा रस्ता नाही. मी इथे आल्यापासून जेट्टीसाठी जेवढे अर्ज गेले, ते सगळे माझ्या अक्षरात आहेत. उत्तर एकालाही आलं नव्हतं. आता तू येते आहेस.

तारीख उत्तम निवडलीस. आषाढात इथली माणसं फार गोड बोलतात.

तुला लहानपणी स्वयंपाकघरात बसवून शिकवलं तेव्हाचा नियम लक्षात असेल. दम्यामुळे तुला शाळेत पाठवत नव्हते आणि तू दिसेल त्या कागदावर वाटेल ते लिहायचीस. ऐकलं ते एका ओळीवर, वाटलं ते दुसऱ्या ओळीवर. सरकारी कामातही तेवढंच पुरतं.

आत्या


बोरीवली,
१६ जुलै २०२४

आत्या,

रविवारी तू मागच्या रांगेत बसली होतीस आणि निघताना भेटलीही नाहीस. सर घाई करत होते, मार्वेची फेरीबोट चुकेल म्हणून. म्हणून लिहिते.

सगळं चांगलं झालं, असं सर म्हणाले. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष राजेशदादा यांनी नारळपाणी दिलं. बायका गाळाबद्दल बोलल्या, रुक्मिणीआजींनी काठी आपटून सांगितलं की जेट्टी मी मरायच्या आधी बांधा, नाहीतर मेल्यावर भूत होऊन बसेन तिच्यावर. सगळे हसले. मी सगळं शब्दशः उतरवून घेतलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. इंजिनिअरांच्या नकाशात बंधारा उत्तरेच्या खडकापासून निघतो आणि खाडीच्या तोंडाशी, दक्षिणेकडे, होड्यांना जायला वाट ठेवतो. मी नकाशा भिंतीवर लावला आणि बाळाकाकांना विचारलं, कारण ते गावचे तांडेल, पहिली होडी त्यांची निघते. या वाटेला होड्यांना काही त्रास होतो का, आजवर काही घडलं आहे का? ते नकाशाकडे बघत राहिले. मग नकाशाकडे पाठ करून म्हणाले, "दर्या आपला बाप. बापाचा त्रास कसला?" कोणीतरी "बरोबर" म्हणालं. मी आणखी दोघांना तेच विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. चंपामावशी पदराने तोंड पुसत होत्या. रुक्मिणीआजी उठल्या आणि काठी टेकत बाहेर गेल्या.

ऐकलं ते एका ओळीवर लिहिलं: या वाटेबाबत स्थानिकांचा अनुभव चांगला, कोणतीही अडचण नाही. वाटलं ते दुसऱ्या ओळीवर: या प्रश्नानंतर एक वृद्ध महिला निघून गेल्या. सरांनी दुसरी ओळ काढली. म्हातारी माणसं उठून जातातच, म्हणाले.

तू तिथे होतीस. तुला ऐकू आलं नसेल, पण चेहरे तर दिसले असतील. मी काही चुकीचं लिहिलं का?

रेवती


वेळोशी,
२२ जुलै २०२४

चि. रेवती,

तू ऐकलंस तेच लिहिलंस. त्यात चूक काय?

रुक्मिणीला बसून बसून खुबा दुखतो, म्हणून उठली असेल. मुलांची शिकवणी सुरू झाली आहे, त्यामुळे लांब पत्र लिहायला वेळ नाही. चंपाने सुके बोंबील दिले आहेत, सोबत पाठवते. तुझ्या आईला सांगू नकोस, नुसते तळून समोर ठेव.

आत्या


बोरीवली,
१२ जानेवारी २०२५

आत्या,

गेल्या महिन्यात वेळोशीच्या कामाला मंजुरी मिळाली. तू मोठ्या अक्षरात "मिळाली!" एवढंच लिहिलेली चिठ्ठी मी कपाटाच्या दाराला चिकटवली होती. आज ती काढली.

सकाळी बाजारात गेले होते. गर्दी नव्हती. चंपामावशी कोलंबी सोलत होत्या आणि मी सहज म्हणाले की आता दगड टाकायला सुरुवात होईल, बाळाकाका खूश असतील. त्यांनी सुरी खाली ठेवली. मला म्हणाल्या, वाट कुठून ठेवलीय बंधाऱ्याला ते एकदा सांग. मी सांगितलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले. मग जे सांगितलं ते असं.

त्या जागेला गाव उभं पाणी म्हणतं. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि नैऋत्येचा वारा असला की पाणी भिंतीसारखं उभं राहतं. रुक्मिणीआजींचा थोरला मुलगा तिथेच गेला. चंपामावशींचा भाऊही. वेळोशीच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या ती जागा टाळून उत्तरेच्या खडकाला धरून जातात. आता बंधारा निघणार तो त्याच खडकापासून. म्हणजे रोजची वाट बुजणार आणि उरणार ती फक्त उभ्या पाण्याची.

मी विचारलं, मग सभेत का नाही बोललात? मी तर तेच विचारत होते.

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी विचारलं की जेवताना ताटात पाय का नाही ठेवत. म्हणाल्या, "आषाढात? होड्या काठाला, नारळ द्यायचा बाकी, आनि दर्याचं वाईट बोलायचं? कोन बोलंल गो? आमच्यात नाय बोलत."

होड्या ओढल्यापासून नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत तुमच्या गावात कोणी समुद्राविषयी वावगा शब्द काढत नाही. बुडालेल्यांची नावंही घेत नाहीत. आणि मी नेमकी तीच वेळ निवडली, कारण सगळे घरी सापडतील.

अहवालात माझं ते वाक्य तीन ठिकाणी आलं आहे. मी आज मोठ्याने वाचलं. स्थानिकांचा अनुभव चांगला.

तू तिथे आठ वर्षं राहतेस. "आषाढात इथली माणसं फार गोड बोलतात" असं तू लिहिलं होतंस. आत्या, तुला माहीत होतं का?

रेवती


वेळोशी,
१६ जानेवारी २०२५

चि. रेवती,

हो.

आता पुढचं वाच, पत्र फेकू नकोस.

किनाऱ्यावर आमच्या खाली एक गाव आहे. त्यांच्या जेट्टीच्या सभेत दोन म्हातारे जागेवरून भांडले. फेरतपासणी लागली. पैसे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. ती दोन्ही म्हातारी माणसं वारली आणि त्यांच्या सुना अजून गाळातून चालतात. योजना एकदा दारात येते. तिला "थांब, जरा वळून ये" म्हटलं की ती परत येत नाही. म्हणून तू तारीख कळवलीस तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं, देवानेच दिली तारीख.

समुद्र मोजायला इंजिनिअर आहेत ना? त्यांची यंत्रं आहेत, कॉम्प्युटर आहे. तुझ्या एका वाक्यावर कोणी बंधारा बांधत नाही. इतकी मोठी स्वतःला समजू नकोस, आणि इतकी लहानही.

रुक्मिणीला मंजुरीचं सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला, सोडेचना. तो हात मी कसा सोडवू ते तू मला सांग.

हे प्रकरण आता उकरू नकोस. गाव तुला दोष देईल आणि ते मला बघवणार नाही.

आत्या


बोरीवली,
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझ्यावर रागावण्यात मी दोन आठवडे घालवले. तेवढ्यात काम पुढे गेलं, म्हणून राग बाजूला ठेवते.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हे खरं. ते वाईट माणूस नाहीत. मी विचारलं की प्रवाहाची मोजणी कधी झाली होती. त्यांनी इंजिनिअरांना फोन लावला. मोजणी सभेच्या आधीच्या डिसेंबरात झाली होती, समुद्र शांत असताना. पावसाळ्यातली मोजणी खर्चिक म्हणून केली नाही, आणि ती न करण्याचं कारण काय लिहिलंय माहीत आहे? स्थानिकांचा अनुभव चांगला असल्याने आवश्यकता नाही. म्हणजे त्यांनी माझ्या वाक्यावर भिस्त ठेवली आणि तू त्यांच्या यंत्रांवर.

मी दुरुस्तीची टीप लिहून माझ्या नावाने थेट मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याकडे पाठवली. सर म्हणाले, आता तुमची बाजू मला घेता येणार नाही. खात्यातून एका बाईंचा फोन आला, त्या चांगलं बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की सभेत गाव एक बोललं आणि नंतर एक मुलगी दुसरंच सांगते, तर त्यांनी काय धरायचं? मच्छीमार संस्थेने लेखी कळवलं की वाट बदला, तर दगड त्या टोकाला पोचायच्या आत आराखडा फिरवता येईल. पैसे परत जाणार नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं.

आता आषाढ नाही. आता सगळ्यांना बोलता येतं. तू बाळाकाकांना आणि राजेशदादांना विचार. चार ओळी पुरतील, तुझ्याच अक्षरात लिही, त्यांना तुझ्या अक्षराची सवय आहे. मी स्वतः येणार होते, पण गावाचं म्हणणं मी माझ्या हाताने फिरवलं असं दिसायला नको, अशी खात्याची अट आहे. मार्चअखेरपर्यंत मिळालं पाहिजे.

आत्या, हे फक्त तूच करू शकतेस.

रेवती


वेळोशी,
२ मार्च २०२५

चि. रेवती,

विचारलं. नाही म्हणाले.

राजेशचं म्हणणं, आधी बंधारा होऊ दे, त्रास झाला तर दुसऱ्या टप्प्यात वाट मागून घेऊ. बाळा म्हणाला, पाण्यातून वाट आम्ही काढू, तुम्ही कागदातून काढू नका. यावर मी काय बोलणार?

तू तुझं काम केलंस. आता झोपत जा. चंपा सांगते, तुझे डोळे खोल गेले आहेत.

उत्तरेच्या खडकावर ट्रक येतात. दगड पडतात तेव्हा मला आवाज येत नाही, पण भिंतीला हात लावला की कळतं.

आत्या


बोरीवली,
२९ जून २०२५

आत्या,

मार्चनंतर मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू सांगितलंस ते मी खरं धरलं. गावाने नको म्हटलं, विषय संपला.

आज चंपामावशी पाटी उतरवता उतरवता म्हणाल्या, तुझ्या त्या सायबिणीने वाट बदलली का गो? मी म्हटलं, तुम्हीच नको म्हणालात ना. त्या म्हणाल्या, आम्हाला कोणी विचारलंच नाही.

मी त्यांना तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, कदाचित बाळाकाकांशी तू एकटी बोलली असशील म्हणून. तिसऱ्या वेळी त्यांना हसू येत नव्हतं. खात्याला पत्र हवं आहे हे मी फेब्रुवारीत त्यांना बोलले होते, ते त्यांनी गावात सांगितलं; बाळाकाका फेब्रुवारी-मार्चभर वाट बघत होते, म्हणाल्या. मास्तरीणबाई अर्ज लिहायला घेतील, मग सह्या करू, असं राजेशदादांशी बोलणंही झालं होतं. तुला स्वतःहून कसं सांगायचं, तू त्यांची मास्तरीण. तू त्यांची वाट बघत नव्हतीस, आणि ते तुझी बघत राहिले.

मी मागच्या रविवारी सरांबरोबर बंधारा बघायला गेले होते, हे तुला सांगितलं नाही. माफ कर. मनोरीच्या बाजूने गेलो, तुझ्याकडे आले नाही. बंधाऱ्याचा हात पूर्ण बाहेर आला आहे. रोजची वाट गेली. ओहोटी होती आणि वाराही नव्हता फारसा, तरी तोंडाशी पाणी चढ-उतार करत होतं, उकळी येण्याआधी भांडं थरथरतं तसं. सर बराच वेळ बघत होते. परतताना गाडीत त्यांनी एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या.

खात्याच्या बाईंना मी परत फोन केला. त्या म्हणाल्या, अजूनही संस्थेचं पत्र आलं तर हंगाम सुरू व्हायच्या आत बंधाऱ्याच्या मुळाशी थोडे दगड काढून जुनी वाट मोकळी करता येईल, आपत्कालीन काम म्हणून. पण पत्र हवं.

आणि गुरुवारी आषाढ लागला, आत्या. होड्या ओढलेल्या आहेत. आता नारळ पडेपर्यंत कोणी बोलणार नाही, सही तर दूरच. नारळ पडला की बोलतील. आणि नारळ पडला की दुसऱ्या सकाळी होड्या निघतील, ओहोटीबरोबर, कारण ओहोटी होडीला बाहेर ढकलते. वाट एकच आहे.

तू का केलंस असं, ते मी विचारत नाही. मी येते. मला बंधन नाही, मी तुमच्या गावची नाही. सगळ्यांना गोळा करून मीच सांगते. मारतील तर मारतील.

रेवती


वेळोशी,
५ ऑगस्ट २०२५

चि. रेवती,

हे पत्र पोस्टाने येतं आहे, कारण चंपाने ते हातात घेतलं नाही.

तू येऊ नकोस म्हणून तीन चिठ्ठ्या पाठवल्या, आणि तू कधी नव्हे ते माझं ऐकलंस. बरं केलंस. हे काम तुझं नव्हतं. मी गप्प बसले होते, मीच बोलायला हवं होतं. महिना गेला तो धीर गोळा करण्यात. या वयात धीर लवकर गोळा होत नाही.

मार्चात मी का विचारलं नाही, ते सांगते. मला वाटलं, पत्र गेलं की तपासणी येईल, तपासणी आली की पैसे जातील, मग माझ्या अक्षरातले ते सगळे अर्ज पुन्हा पहिल्यापासून. तू लिहिलं होतंस की पैसे जाणार नाहीत. माझा तुझ्यावर विश्वास होता, सरकारवर नव्हता. बाळा आणि राजेश यांच्या नावाने मी खोटं लिहिलं. तुला लिहायला शिकवणाऱ्या हातानेच.

काल संध्याकाळी देवळापुढे नारळाची तयारी ठरवायला सगळे जमले होते. मी उठले. आठ वर्षांत त्या देवळापुढे मी कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, खाडीच्या तोंडाशी उभं पाणी आहे, ते माणसं खातं. मग त्या जागी गेलेल्यांची नावं घेतली, मला माहीत होती तेवढी. रुक्मिणीच्या मुलाचं घेतलं. चंपाच्या भावाचं घेतलं. म्हणाले, त्या वाटेने होड्या काढू नका, आज संस्थेचं पत्र द्या, दगड निघेपर्यंत थांबा.

मला ऐकू येत नाही हे त्या वेळी बरं झालं. तोंडं मात्र दिसत होती. बायकांनी पदर कानांवर घेतले. राजेशने माझ्या खांद्याला धरून खाली बसवलं, हळूच, म्हाताऱ्या माणसाला बसवतात तसं. रुक्मिणी माझ्यासमोर आली. मला वाटलं काठी उगारेल. तिने जमिनीवर थुंकून पायाने पुसलं आणि गेली.

आज सकाळी चंपाच्या घरातून चहा आला नाही. शिकवणीला कोणी आलं नाही. बाळा मात्र आला. दारातच उभा राहिला आणि माझ्या पाटीवर खडूने लिहिलं. त्याला मीच शिकवलं लिहायला, अजून अक्षर मोठं काढतो. लिहिलं: बाय, तुमी बोलला ते खरं. पन बोलला ते आता धुवाय लागंल.

मी विचारलं, कसं धुणार? त्याने पाटी पुसली.

रेवती, आता असं आहे बघ. काही झालं नाही तर मी खोटारडी ठरेन, आणि काही झालं तर मी ते ओढवून आणलं असं म्हणतील. पहिलं व्हावं म्हणून मी सकाळपासून हात जोडून बसले आहे. कोणापुढे जोडू ते कळत नाही, कारण ज्याच्यापुढे जोडायचे त्यालाच काल नावं ठेवली.

खात्याच्या त्या बाईंना आणखी एकदा फोन कर. पत्राशिवाय काही होत असेल तर.

आत्या


मार्वे जेट्टी,
९ ऑगस्ट २०२५

आत्या,

हे मी स्वतः घेऊन येते आहे. भेटल्यावर मी बोलेन ते तुला ऐकू येणार नाही आणि मला तेव्हा लिहिताही येणार नाही, म्हणून फेरी लागेपर्यंत इथे बसून लिहिते.

तुझं पत्र आज मिळालं. राखीपौर्णिमा म्हणून पोस्टमन लवकर आला. खात्याच्या बाईंना फोन लावला, सुट्टी आहे. सरांना लावला. ते म्हणाले, मी येतो, तुम्ही पुढे व्हा. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. चंपामावशींचा फोन वाजतो आहे, उचलत नाहीत.

मग बाजारात धावत गेले. चंपामावशींची जागा रिकामी होती. वेळोशीची एकही बाई आली नव्हती. शेजारी मनोरीच्या एक मावशी बसतात, त्या मला ओळखतात. त्यांना विचारलं, वेळोशीच्या होड्या गेल्या का?

त्या म्हणाल्या, नाही गेल्या. काल नारळ पडला, पण होड्या काढल्या नाहीत. मला इतकं हलकं वाटलं, आत्या, मी त्यांच्या पाटीच्या कडेला धरून खाली बसले. तुझं ऐकलं त्यांनी, असं मनात आलं. मी तसं म्हणालेही.

त्यांनी माझ्या हातावर ओला हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाकीच्या नाय गेल्या. बाळा तांडेल गेला. खलाशी उतरवले आनि एकटा गेला. दर्याला नावं ठेवली ना नारळाआधी, मग कोनीतरी जाऊन यायला पायजे त्याच वाटेनं. तो आला की बाकीच्या निघतील. आला की."

मी विचारलं, कधी गेला?

पहाटे, म्हणाल्या. ओहोटीबरोबर. बाहेर पडलेला लोकांनी बघितला, म्हणजे जाताना निभावलं. आता भरती आहे, दुपारपर्यंत पाणी शांत राहील. तेवढ्यात आला तर आला. पण तो असा लवकर येणार नाही. भरतीला आला तर धुतलं असं कोण म्हणणार? तो ओहोटी लागायची वाट बघत बाहेर उभा असणार, सगळ्यांना दिसेल असा.

आत्या, तो तुझ्यासाठी गेला आहे. तुला गावात राहता यावं म्हणून. मनोरीच्या मावशी हे बोलल्या नाहीत, हे मला वाटलं ते आहे, म्हणून वेगळ्या ओळीवर लिहिलं.

नैऋत्येचा वारा सुटला आहे. फेरीवाला म्हणतो, ही फेरी जाईल, पुढची सांगता येत नाही. मी येते आणि आधी चंपामावशींकडे जाते. त्यांनी दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. तू खोलीत राहू नकोस. किनाऱ्यावर जा, कोणी उठवलं तरी उठू नकोस. त्याला बाहेरून तू तिथे बसलेली दिसली पाहिजेस, ओहोटी लागायच्या आत.

रेवती